खडूने लिहिलेले सतरा

गुढियारी, रायपूर
५ फेब्रुवारी २०१८

चि. रुचिता,
जय भीम.

तू फोन घेत नाहीस म्हणून लिहीत आहे. फोनवर मला तसंही नीट बोलता येत नाही, हे तुला माहीत आहे.

यशदीपला जाऊन आज बावीस दिवस झाले. पुण्यानुमोदनाच्या दिवशी तू जेवणाआधीच स्टेशनवर निघून गेलीस. तुझं ताट वाढलेलं होतं. तुझ्या आईने ते झाकून ठेवलं आणि संध्याकाळपर्यंत उचलू दिलं नाही. त्या दिवशी मी चार लोकांत "तुझे टायर होते" असं म्हणालो. आवाज मोठा झाला असेल. पण जे म्हणालो ते मोजून म्हणालो होतो, म्हणून ते कागदावर पाठवत आहे.

चौतीस वर्षं मी रेल्वेच्या कॅरेज-वॅगनमध्ये काढली. मालगाडी रुळावरून उतरली की पहिलं काम जॉइंट नोटचं. रुळवाला, इंजिनवाला आणि आम्ही चाकंवाले, तिघांनी जागेवर एकत्र मोजायचं, एकाच कागदावर लिहायचं आणि तिघांनी सही करायची. ज्याला पटत नसेल त्याने सही करून खाली असहमती लिहायची. मला दुसरं काही येत नाही. झोप लागत नव्हती, तेव्हा मी हे केलं.

जॉइंट नोट

दिनांक, वेळ: १४ जानेवारी २०१८, सकाळी ११.२०.
जागा: नया रायपूर, स्पर्धेसाठी बंद केलेला सरळ रस्ता. सुरुवातीच्या रेषेपासून ९० मीटर.
वाहन: पांढरी कॉन्टेसा, सरकारी लिलावातली. मागच्या ॲक्सलची दोन्ही चाकं एकत्र फिरतील अशी जोडलेली.
चालक: यशदीप धर्मपाल रामटेके, वय २७. मयत.
घटना: उभी गाडी सुटली, डावीकडे ओढली गेली, सिमेंटच्या अडथळ्यावर आदळली.
मागचे टायर: बिनखाचांचे, गुळगुळीत, रेसचे. उजव्याचा घेर २०७६ मि.मी. डाव्याचा २०७१ मि.मी. (डावा फाटला असल्याने घटनेच्या दिवशी सकाळी घेतलेलं माप धरलं आहे.)
कारण: एकाच ॲक्सलवर असमान घेराची चाकं. मोठं चाक उजवीकडे, म्हणून गाडी डावीकडे.
जबाबदारी: टायर निवडणारी व्यक्ती. कु. रुचिता धर्मपाल रामटेके.

पोलीस ठाण्याच्या आवारात गाडी उभी आहे. मी फीत घेऊन गेलो होतो. शिपाई म्हणाला, "अंकल, अब नापके क्या होगा?" मी फीत लावली. मोजलं आणि परत आलो.

पाच मिलिमीटर म्हणजे काय, हे तुझ्यासारख्या टायर तपासणाऱ्या इंजिनिअरला मी सांगू नये. आमच्याकडे एका ॲक्सलवर अर्धा मिलिमीटरही चालत नाही.

खाली तुझ्या सहीची जागा ठेवली आहे. त्याखाली असहमतीचा रकाना आहे. सही करून कागद परत पाठव.

बाबा

---

गुढियारी, रायपूर
६ मार्च २०१८

चि. रुचिता,
जय भीम.

तुझं पाकीट तीन दिवसांपूर्वी मिळालं. कागद उघडला तेव्हा मी उभा होतो, मग खाटेवर बसलो.

तू सही केलीस. असहमतीचा रकाना कोरा.

चौतीस वर्षांत पहिल्या फटक्यात सही करणारा माणूस मी पाहिला नाही. रुळवाले दत्तोपंत तुला आठवत असतील, तुला संत्र्याच्या गोळ्या द्यायचे. ते तीन-तीन तास भांडायचे. "धर्मपाल, तुझं चाक दारू पिऊन आलं होतं, माझा रूळ तर जागेवर झोपून होता," असं म्हणायचे. मीही सोडत नव्हतो. भांडून भांडून खरं काय ते बाहेर पडायचं. तू भांडलीच नाहीस. मी तुला भांडायला कागद पाठवला होता, हे मला तुझी सही पाहिल्यावर कळलं.

तुझ्या आईला दाखवला. तिने चष्मा लावून सगळा वाचला. म्हणाली, "तिनं टायर तपासाचं काम सोडलं. आता कारखान्याच्या गोदामात बसून राहिली. कोणतं पोतं आलं, कोणतं गेलं, लिहिते."

"तुले कोणी सांगतलं?"

"तिनंच. माझा फोन घेते ना ते."

"काहून सोडलं?"

"मले काहून विचारता? तुमच्याच हातात आहे ना कागद?"

तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतं बोलते. चहा ठेवते, उचलते.

मी काल रात्रभर तुझी सही पाहत होतो. शाळेच्या प्रगतिपुस्तकावर माझी सही करायची तुला सवय होती, मला माहीत होतं. ही तुझी स्वतःची आहे.

एक गोष्ट नोटमध्ये लिहिली नव्हती. कारणाशी तिचा संबंध नाही असं मला वाटलं, म्हणून. पण आमच्याकडे नियम असा की घटनेच्या आधी चाकाला कोणी हात लावला असेल तर तेही लिहायचं. म्हणून लिहितो.

१३ तारखेच्या संध्याकाळी यशदीप मागच्या शेडमध्ये होता. तुझा फोन स्पीकरवर होता. मी अंगणात झाडांना पाणी घालत होतो.

तू म्हणालीस, "हवा किती आहे आता?"

तो म्हणाला, "अठरा दिखा रहा है दीदी."

"सतरा कर. दोन्ही बाजूला. सतरा म्हणजे सतरा. साडेसतरा केलंस ना, तर तिथं येऊन कानाखाली देईन."

"हव दीदी, हव. तेरे को आने का किराया मैं देता हूँ, आ जा."

"आणि लिहून ठेव टायरवर."

"लिख रहा हूँ दीदी. हम रामटेके लोग खडू के बिना मरते भी नहीं."

तू हसलीस. मलाही हसू आलं होतं. मग तो बाहेर आला, मला म्हणाला, "कल आओगे ना? चार सौ मीटर का ही तो है. पलक झपकी कि खतम." मी म्हणालो, "मी रेसले येत नाई." तो म्हणाला, "ठीक है," आणि हात धुवायला गेला. त्या गाडीबद्दल माझं मत त्याला ठाऊक होतं. तिच्याबद्दल आम्ही दोन वर्षं एकमेकांशी बोलत नव्हतो.

सकाळी तो पिकअप आणायला गेला तेव्हा मी शेडमध्ये गेलो. ते दोन्ही टायर रिमांवर चढवून भिंतीला लावून ठेवले होते. मी नुसतं पाहायला गेलो होतो. फीत खिशात असतेच. मोजले. पाच मिलिमीटरचा फरक निघाला. पुन्हा मोजले. पुन्हा पाच. ॲक्सलची दोन्ही चाकं त्याने एकत्र जोडली होती, तेव्हा तो रेल्वेचाच ॲक्सल झाला. आणि रेल्वेच्या ॲक्सलवर अशी जोडी मी आयुष्यात पुढे जाऊ दिली नाही.

मी डाव्या टायरमध्ये थोडी हवा भरली. आमच्या यार्डातल्या ट्रॅक्टरचा टायर हवा दिली की वाढायचा, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. सतरा पौंड मला तसेही खरे वाटत नव्हते. आपल्या स्कूटरला पंचवीस लागते. पायपंपाने अठ्ठावीसपर्यंत नेली. पुन्हा मोजायला वेळ मिळाला नाही, कारण गल्लीत पिकअपचा आवाज आला.

जेवढा फरक कमी करता येईल तेवढा मी केला. तो पुरला नसेल. एवढंच सांगायचं होतं. यामुळे नोटमधलं कारण बदलत नाही.

गोदामातलं काम तुझ्या शिक्षणाला साजेसं नाही. विचार कर.

बाबा

---

गुढियारी, रायपूर
८ एप्रिल २०१८

रुचिता,

अक्षर वाचता आलं नाही तर आईला फोन करून विचार, मी तिला वाचून दाखवणार आहे.

तू चेन्नईहून तीन टायर पाठवले होतेस. तिसरा शेडमध्ये तसाच, वेष्टणात होता. रिमही एक शिल्लक होती. तुझ्या आईला ते दार उघडलं की दिसतं, म्हणून काल मी दोन्ही रिक्षात घालून उरला भागात हरिदासकडे नेलं. हरिदास म्हणजे आपल्या जुन्या कॉलनीतल्या बाबारावांचा धाकटा भाऊ. उरल्याच्या मोठ्या रस्त्यावर ट्रकच्या टायरांचं दुकान आहे त्याचं. विकत घेतो का विचारायला गेलो होतो.

त्याने वेष्टण काढलं आणि म्हणाला, "दादा, याले तर नक्षीच नाई. जन्मताच टक्कल पडलं काय?"

मी म्हणालो, "रेसचं आहे. हे असंच असते."

त्याने बाजूवर अंगठा दाबून पाहिला. मग त्याला यशदीप आठवला असावा. खुर्ची दिली, चहा सांगितला.

मला काय सुचलं माहीत नाही. म्हणालो, "हरिदास, टायर विकायच्या आधी मले एक मोजून पाहू दे. सतरा पौंडावर घेर किती, अन् अठ्ठावीसवर किती."

"काहून?"

"पाहू दे."

त्याने टायर रिमेवर चढवला. सतरा पौंड. मी फीत लावली. २०६८. मग अठ्ठावीस. २०६९.

मी म्हणालो, "फीत ढिली धरून राहिला तू."

"मी धरली कुठं? तुम्हीच धरून आहात."

"मग तू धर."

त्याने धरली, मी वाचलं. २०६९. एक मिलिमीटर. अकरा पौंड हवा आणि एक मिलिमीटर.

हरिदास हसला. वाईट हसला नाही, धंद्यातला माणूस हसतो तसा. "दादा, हे नायलॉन नव्हे. तुमच्या यार्डातल्या ट्रॅक्टरचं नायलॉन होतं, ते फुगते. हे रेडियल आहे. याच्या आतून तारेचा पट्टा आहे, कमरेच्या करदोड्यावानी. तुम्ही कितीही जेवा, करदोडा तेवढाच. हवा दिली का घेर नाई वाढत, नुसतं ताठ होते."

"ताठ झालं तर काय होते?"

"पाय कमी टेकते."

मला समजलं नाही. की समजलं, आणि मला ते त्याच्या तोंडून नको होतं. त्याने खटपट करून ते चाक दुकानातल्या जुन्या जीपला बसवलं. टायरला खडू फासला. सतरा पौंडावर जीप हळूच सिमेंटच्या फरशीवर उतरवली आणि परत उचलली. फरशीवर वीतभर रुंद पांढरा ठसा उमटला, सगळा भरलेला. मग अठ्ठावीस भरली. बाजूला उतरवली. उचलली.

सहा बोटं, रुचिता. मधोमध सहा बोटांची पट्टी. दोन्ही कडांना काहीच नाही.

मी फरशीवर बसून ते दोन ठसे पाहत होतो. हरिदास विचारत होता, "दादा, पाणी आणू काय? दादा?" मी बोटांनी पुन्हा मोजत होतो. एक चाक वीतभर धरून होतं आणि दुसरं सहा बोटं. दोघं एकाच ॲक्सलवर. ज्याने धरलं त्याने ढकललं. उजव्याने धरलं. गाडी डावीकडे गेली.

गाडी डावीकडे गेली हे मी माझ्या हाताने नोटमध्ये लिहिलं होतं.

अजून एक आहे. हरिदासने वेष्टणाचा कागद घडी करून माझ्या हातात दिला, "याच्यावर काही लिहिलं आहे दादा, कामाचं असंन." तुझं अक्षर होतं. तुझे शब्द तसेच उतरवतो:

"२०७६ उजवा. २०७१ डावा. मुद्दाम. जोर लागला की गाडी उजवीकडे ओढते, मोठा टायर तिला सरळ ठेवेल. हवा दोन्हीत सारखी, हवेने घेर जुळवायला जाऊ नको, रेडियल आहे. तिसरा २०६८, खूप वेळा तापून कडक झालाय, वापरू नको."

मुद्दाम.

हा कागद जवळजवळ तीन महिने माझ्या शेडमध्ये होता. मी पोलीस ठाण्यात जाऊन मोजलं, आणि चार पावलांवरचा कागद वाचला नाही. तू चूक केली नव्हतीस. तू विचार करून जोडी लावली होतीस, आणि मी ती दुरुस्त केली.

हरिदासने टायर घेतला नाही. पैसेही घेतले नाहीत. रिक्षापर्यंत स्वतः घेऊन आला.

मला अजून काय लिहावं कळत नाही. तू केलेल्या सहीचं मी काय करू, ते कळव.

बाबा

---

गुढियारी, रायपूर
१४ एप्रिल २०१८

रुचिता,

आज जयंती आहे. मिरवणूक आत्ता चौकात आहे, इथपर्यंत ढोल ऐकू येतात. तुझी आई पांढरी साडी नेसून तयार झाली होती, पण गेली नाही. कारण मी तिला थांबवलं आणि सांगितलं.

मागच्या पत्राला तू उत्तर दिलं नाहीस. ते बरोबरच आहे. त्या पत्रातही मी सगळं लिहिलं नव्हतं. चूक कबूल करावी तेवढी केली होती. आता जे लिहितो ती चूक नाही.

तू त्याला वाढदिवसाला दिलेलं ते हवा मोजायचं छोटं गेज आठवतं ना, तीस पौंडांपर्यंतचं? सकाळी हवा भरताना मी तेच वापरलं. पिकअपचा आवाज आला तेव्हा ते माझ्या हातात होतं. मी ते शर्टाच्या खिशात टाकलं. काम संपलं की औजार अंगावर घ्यायचं, जागेवर सोडायचं नाही, ही सवय. तो आला, टायर उचलून पिकअपमध्ये ठेवले. दोन्हींवर त्याने खडूने १७ लिहिलं होतं, खाली आदल्या दिवसाची तारीख. मी दारात उभा होतो. डाव्यावरचे सतरा मला स्पष्ट दिसत होते.

तुम्ही लहान होतात तेव्हा मी तुम्हाला यार्डात नेऊन दाखवलं होतं. डब्यावर खडूची खूण असली की विचारायचं नसतं, वाचायचं. कारण ज्याने काम केलं त्यानेच ती लिहिलेली असते, आणि ज्याने बदल केला त्याने आधी जुनी पुसलेली असते. त्याने ते पाठ केलं होतं. मी सतरा पुसलं नाही. अठ्ठावीस लिहिलं असतं तर मी शेडमध्ये गेलो होतो हे त्याला कळलं असतं. दोन वर्षं ज्या गाडीला नावं ठेवली, तिची चाकं मी सकाळी मोजत बसलो होतो, हे त्याला कळलं असतं. एवढीच लाज होती. तिच्यासाठी मी खडू उचलला नाही.

दहा पस्तीसला त्याचा फोन आला. मी घरात होतो.

"बाबा, वो छोटा वाला गेज घर पे रह गया क्या? मिल नहीं रहा."

ते माझ्या खिशात होतं. मी वरून हात लावून पाहिला.

मी म्हणालो, "मले नाई माहीत."

तो म्हणाला, "चलो ठीक है. कल शाम को चेक किया था, लिखा हुआ है." मग म्हणाला, "आ जाते तो अच्छा लगता." आणि ठेवला.

अकरा वीसला झालं. मध्ये पंचेचाळीस मिनिटं होती. मी ती कशी घालवली ते मला आठवत नाही. पेपर वाचला असेल.

हे मी आज तुझ्या आईला सांगितलं. ती मिरवणुकीसाठी फुलं निवडत होती. हात थांबले नाहीत. सगळं ऐकून म्हणाली, "तुम्ही त्याले नाई म्हणलं?"

"हो."

"गेज खिशात असून?"

"हो."

तिने निवडलेली फुलं आणि न निवडलेली एकत्र केली. मग म्हणाली, "मले सांगून काय होते? माझी सही आहे काय त्या कागदावर? जिची आहे तिले लिहा."

म्हणून लिहिलं.

सोबत नवी नोट आहे. जुन्या नोटवरची तुझी सही मी खोडली आहे. खोडाखोडीवर सही लागते, ती मी केली. नव्या नोटमध्ये जबाबदारीच्या रकान्यात माझं नाव आहे आणि तीन बाबी आहेत. डाव्या टायरमधली हवा बदलली. खडूची खूण बदलली नाही. चालकाने विचारलं असता खोटं सांगितलं.

गेज वेगळ्या डबीत रजिस्टर पार्सलने पाठवत आहे. ते तुझं आहे.

तुझी सही मागत नाही. गोदामातून परत जा, एवढं मागतो. तुझी जोडी बरोबर होती.

धर्मपाल

---

गुढियारी, रायपूर
२७ मे २०१८

चि. रुचिता,
जय भीम.

सहा आठवडे मी रोज अकरा वाजता फाटकापाशी उभा राहिलो. पोस्टमन मला पाहून लांबूनच हात हलवायचा, "नहीं है अंकल." काल त्याने हात हलवला नाही.

नोट परत आली. तू सही केली आहेस आणि असहमतीचा रकाना भरला आहेस. मी तो आईला मोठ्याने वाचून दाखवला. तिने दुसऱ्यांदा वाचायला लावला. आता तिसऱ्यांदा इथे उतरवतो, कारण मूळ कागद तिने तिच्या पेटीत ठेवून कुलूप लावलं आहे.

"असहमत.

१. घेरातला फरक मुद्दाम आहे हे टायर निवडणारीने फक्त वेष्टणावर लिहिलं. घरात चाकं मोजल्याशिवाय न राहणारा माणूस आहे हे तिला जन्मापासून माहीत होतं. त्याला सांगितलं नाही, कारण ती त्याच्याशी गाडीबद्दल बोलत नव्हती.

२. चालकाने गेज नसताना गाडी रेषेवर घेतली. आदल्या दिवसाचा आकडा दुसऱ्या दिवशी चालत नाही. त्याला हे शिकवलं होतं. शेजारच्या गाडीवाल्याकडे मागितलं असतं तरी मिळालं असतं.

३. बाब क्रमांक तीन, खोटं सांगणं, यावर माझी असहमती नाही.

४. चालकाची सही नाही. तीन सह्यांशिवाय नोट पुरी होत नाही. ही पुरी होणार नाही.

५. गेज आमच्या लॅबमध्ये तपासलं. बरोबर आहे."

तिसऱ्या बाबीपाशी मी दोन्ही वेळा अडखळलो. तू ते सोडलं असतंस तर मला तुझं बाकीचं खरं वाटलं नसतं.

पाचव्या बाबीपाशी तुझी आई म्हणाली, "आमच्या लॅबमध्ये? कोणाच्या?"

मी म्हणालो, "तिच्या."

"म्हणजे गोदामात नाई?"

"गोदामात लॅब नसते."

ती आत गेली. आत जाऊन काय केलं ते मी पाहिलं नाही. बाहेर आली तेव्हा चहा दोन कप होता आणि तिने तिचा कप माझ्यासमोर बसून प्यायला. जानेवारीनंतर पहिल्यांदा.

कागदाच्या मागे तू पेन्सिलीने लिहिलं आहेस: "तिसरा टायर विकू नका. २३ जूनला येते. एकट्याने घेतलेलं माप धरत नाहीत." कागदावर कुठेही बाबा असं लिहिलेलं नाही. मी शोधलं. ते असू दे.

टायर विकलेला नाही. शेडमध्ये आहे, तिथेच, भिंतीला लावून. हरिदासने भरलेली अठ्ठावीस पौंड हवा त्यात अजून होती. आज सकाळी मी ती काढून टाकली. मग खडू घेऊन टायरवर लिहिलं: हवा नाही. काढली, धर्मपाल. २७-५-१८.

बाबा